सैलावल्याशिवाय ताठरता नाही

प्रश्न : माझं वय २६. तीन महिन्यांवर लग्न आलंय आणि मला रात्र-रात्र झोप लागत नाही. चौदाव्या वर्षापासून हस्तमैथुनाची सवय आहे. महिन्यातून दोन-तीनदा स्वप्नदोष होतो. लिंग एरवी फारच लहान दिसतं आणि ताठर झालं की थोडं डावीकडे वळतं. डावा वृषण उजव्यापेक्षा खाली लोंबतो. लिंगाच्या टोकाच्या कडेने बारीक पांढरट पुटकुळ्यांची रांग आहे. एके ठिकाणी दाखवायला गेलो, तर हातही न लावता त्यांनी सांगितलं, की सवयीमुळे नसा कमकुवत झाल्यात, वीर्य पातळ झालंय, सहा महिन्यांचा कोर्स करावा लागेल. सध्या तेल लावतोय आणि कॅप्सूल घेतोय. कॅप्सूल घेतली की चेहरा गरम होतो, डोकं जड होतं, पण ताठरता चांगली येते. गेल्या महिन्यात कॅप्सूल न घेता मुद्दाम स्वतःची परीक्षा घेतली, तर काहीच झालं नाही. सकाळी उठताना कधीकधी ताठर असतं, पण ते लघवी साठल्यामुळेच ना? तिची फसवणूक करण्यापेक्षा लग्न मोडलेलं बरं, असं वाटायला लागलंय. काय करू?

उत्तर :

प्रिय मित्र,

लग्न मोडू नका. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण ते कळेपर्यंत तुमचं बाकी कशात लक्ष लागणार नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता, शंका म्हणून लिहिलंय : सकाळी उठताना लिंग कधीकधी ताठर असतं. ते लघवी साठल्यामुळे होत नाही. निरोगी पुरुषाला झोपेत, एका रात्रीत साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि दर वेळी बराच वेळ टिकते. पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात, स्वप्नं पडत असतात, त्या झोपेत हे घडतं. पहाटेकडे अशी झोप जास्त असते, म्हणून जाग येते तेव्हा आपण बऱ्याचदा त्यातूनच उठतो. आईच्या पोटातल्या गर्भालाही ताठरता येते, सोनोग्राफीत ती दिसते. तिथे ना वासना आहे, ना सवय. काही दशकांपूर्वी डॉक्टर एक साधी युक्ती वापरत. रात्री लिंगाभोवती टपाल तिकिटांची जोडपट्टी गुंडाळून झोपायला सांगायचे. सकाळी तिकिटांमधली छिद्रांची रेघ फाटलेली दिसली, की नसा आणि रक्तवाहिन्या आपापलं काम करताहेत हे समजायचं. ज्यांनी तुम्हाला हात न लावता नसा कमकुवत ठरवल्या, त्यांनी सकाळचा हा एक प्रश्न विचारला असता तरी पुष्कळ होतं.

मग परीक्षेच्या दिवशी काय झालं? त्यासाठी लिंगाची रचना समजून घ्यावी लागेल, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरं याच एका गोष्टीत आहेत.

लिंगात हाड नसतं. दंडासारखा, मनात आणलं की आवळता येणारा स्नायूही त्याच्या दांड्यात नसतो. आत स्पंजासारख्या ऊतींच्या दोन लांबट नळ्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या खाली मूत्रमार्गाला वेढणारी तिसरी. या स्पंजाच्या भिंतींत अतिशय बारीक स्नायू असतात, ते आपल्या हुकमात नसतात. आता खरी गंमत इथे आहे : लिंग मऊ असतं तेव्हा हे स्नायू आकसलेले असतात, आणि ताठरता येते ती ते सैल पडल्यावर. मेंदूतून किंवा स्पर्शातून संदेश निघाला, की पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाकडून येणाऱ्या नसा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने स्नायू ढिले होतात, धमन्या रुंदावतात, स्पंजाच्या पोकळ्या रक्ताने भरतात. भरता भरता बाहेरच्या चिवट आवरणाखाली त्या शिरांना दाबतात, आणि आत आलेलं रक्त आतच थांबतं. बस्स, एवढंच. लिंग वाऱ्याने फुगतं असं युरोपात कित्येक शतकं मानलं जात होतं. ते रक्ताने भरतं, हे लिओनार्दो दा विंचीने फाशी गेलेल्या माणसांच्या देहांवरून टिपून ठेवलं. पण जोर लावल्याने ताठरता येते हा समज अजून गेलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याच समजाचा येतो.

जोर लावणारा माणूस घाबरलेला असतो. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय धडधडतं, हातपाय गार पडतात आणि तेच बारीक स्नायू पुन्हा आकसतात. धोका समोर असताना रक्त पायांत हवं, लिंगात नको, हा शरीराचा फार जुना हिशेब आहे. तुम्ही दार लावून, ‘आज होतंय की नाही बघू’ म्हणून बसलात, तेव्हा शरीराने धोका ओळखला आणि जे करायला हवं तेच केलं. ते तुमच्या नसांनी चोख काम केल्याचं लक्षण होतं. झोपेत हा पहारा उठतो, परीक्षा घेणारा तुमच्यातला माणूसही झोपलेला असतो, म्हणून पहाटे सगळं सुरळीत होतं. झोपेत जे यंत्र चालतं ते जागेपणी बिघडलेलं असण्याची शक्यता फार कमी. जागेपणी त्याच्यावर कुणीतरी ब्रेक दाबून ठेवलेला असतो.

लहान दिसण्याचंही कारण हेच. थंडी, ताण, व्यायाम, भीती यांनी मऊ लिंग आकसतं, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर तेच मोकळं होतं. एकाच माणसाचं एकाच दिवसात कितीतरी बदलतं. मऊ असताना लहान दिसणारं लिंग ताठर होताना प्रमाणाने जास्त वाढतं, त्यामुळे मऊ अवस्थेवरून काहीही ठरत नाही. त्यातून आपण स्वतःकडे नेहमी वरून बघतो आणि वरून कुठलीही वस्तू तोकडीच दिसते. दुसऱ्याचं दिसलंच तर बाजूने किंवा समोरून. आणि पडद्यावर दिसतात ते पुरुष तर मापासाठीच निवडलेले असतात. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतली, तज्ज्ञांनी स्वतः घेतलेली १५,५२१ पुरुषांची मापं एकत्र केली. ताठर लिंगाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर भरली, मऊ असताना ९.१६, आणि ताठर लिंगाचा घेर ११.६६. ताठर अवस्थेत बहुसंख्य पुरुष १० ते १६ सेंटिमीटरच्या आत येतात. मोजायचंच असेल तर वरच्या बाजूने, पट्टी ओटीपोटाच्या हाडापर्यंत दाबून, टोकापर्यंत मोजायचं. एकदाच मोजा आणि पट्टी ठेवून द्या. लिंग लहान आहे असं वैद्यकशास्त्र ज्याला म्हणतं ते फार दुर्मीळ आहे, मोठ्या माणसात ताणून मोजल्यावरही साधारण साडेसात सेंटिमीटरच्या आत राहणारं. बुटाच्या मापावरून लिंगाचा अंदाज येतो हेही लंडनमध्ये १०४ पुरुषांवर तपासून झालंय, काही संबंध सापडला नाही.

आणि जिच्यासाठी ही काळजी चाललीय तिच्या शरीराबद्दलही दोन वाक्यं. योनीची संवेदना मुख्यतः तोंडापाशी, बाहेरच्या एक-तृतीयांश भागात जास्त असते. तिच्या सुखाचं मुख्य केंद्र शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, हे तर योनीच्या बाहेर, वरच्या बाजूला असतं. पुष्कळ स्त्रियांना नुसत्या संभोगाने परमसुख मिळत नाही, तिथला स्पर्श लागतो. लांबीशी त्याचा काहीही संबंध नाही.

बाकीच्या तीन गोष्टी लवकर उरकतो, कारण त्यांत काळजी करावी असं काहीच नाही. ताठर लिंग अगदी सरळ असणं हा नियम नाही. डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली थोडा बाक अनेकांना जन्मतःच असतो, तो हस्तमैथुनाने येत नाही. पूर्वी सरळ असलेलं लिंग पुढे वाकायला लागलं, दुखायला लागलं, आत गाठ लागली, तर तो वेगळा आजार आहे. पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदाने १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आज त्यावर उपचार आहेत. वृषणांपैकी एक खाली असणं हीच निसर्गाची रीत आहे, बहुतेकांचा डावाच खाली असतो. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून वृषण बाहेरच्या पिशवीत आहेत आणि थंडी-उष्म्याप्रमाणे ती पिशवी वरखाली होत राहते. आणि ती पांढरट रांग! टोकाच्या कडेभोवती एकसारखे, मोत्यांसारखे दिसणारे, न दुखणारे बारीक उंचवटे कितीतरी निरोगी तरुणांना असतात. ते गुप्तरोगाचे नसतात, संसर्गाने येत नाहीत, कुणाला लागतही नाहीत. फक्त फोडू नका आणि औषध लावू नका. तुमचे तसलेच आहेत याची खात्री डॉक्टर एका नजरेत करतील.

आता वीर्य. तुमच्या मनात घर करून बसलेली भीती इथली आहे, त्यामुळे इथे घाई करत नाही.

वीर्य रक्तापासून थेंबाथेंबाने बनतं, ते गेलं की ताकद गेली, ही समजूत जगात अनेक ठिकाणी होती. अठराव्या शतकात तिसो नावाच्या एका स्विस डॉक्टरने तर एक माप वीर्य म्हणजे चाळीस मापं रक्त असा हिशेब मांडला आणि त्यावर युरोपातल्या कित्येक पिढ्या घाबरत जगल्या. खरा हिशेब असा आहे : एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर चमचाभर. त्यातला सगळ्यात मोठा वाटा वीर्यकोशांच्या स्रावाचा, मग प्रोस्टेट ग्रंथीचा, आणि वृषणांतून आलेले शुक्राणू जेमतेम दोन ते पाच टक्के. बाकी बहुतेक पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं, थोडं जस्त. शुक्राणू दर सेकंदाला हजाराहून जास्त तयार होत असतात. एक शुक्राणू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, पण काम अखंड चालू असतं. न वापरलेले शरीरच जिरवून टाकतं. म्हणजे जपून ठेवलेली ठेव असं तिथे काही नाहीच.

‘पातळ’ झाल्याचंही तसंच. वीर्य बाहेर येतं तेव्हा घट्टसर, चिकट असतं आणि पुढच्या पंधरा ते तीस मिनिटांत आपोआप पातळ होतं, कारण प्रोस्टेटमधलं एक विकर तो चिकटपणा तोडतं. ते पातळ झालं नाही तर शुक्राणूंना पोहता येणार नाही. म्हणजे तुम्हाला जो रोग म्हणून सांगितला तो गर्भधारणेसाठी आवश्यक असा गुण आहे! वारंवार स्खलन झालं की वीर्य थोडं कमी आणि विरळ येतं, दोन-चार दिवसांत पूर्ववत होतं.

स्वप्नदोष या शब्दाचं मला फार वाईट वाटतं. झोपेत वीर्य बाहेर पडण्यात कसला आला दोष? वयात येताना अनेक मुलांना ते होतं, पुढेही होत राहतं, काहींना कधीच होत नाही, आणि तिन्ही ठीक आहे. तो शब्द ऐकत वाढलेला मुलगा सकाळी चादर लपवतो आणि वर्षानुवर्षं कुणाला काही विचारत नाही. तुम्ही बारा वर्षं गप्प राहिलात, त्यात या शब्दाचा मोठा हात आहे.

हस्तमैथुनाने नसा झिजत नाहीत, लिंग बारीक होत नाही, मुलं होण्याची क्षमता जात नाही. मात्र एक खरं सांगायला हवं. फार घट्ट पकडीने, घाईघाईत, किंवा पालथं पडून गादीवर घासून, ठरावीक एकाच पद्धतीने वर्षानुवर्षं केलं, तर पुढे जोडीदाराच्या मऊ स्पर्शाने स्खलन व्हायला वेळ लागू शकतो. त्यावर उपाय सोपा आहे : हात हलका ठेवायचा, सावकाश, घाई नको. आणि त्यापायी काम, झोप, माणसं सुटायला लागली असतील तरच सवय म्हणून त्याचा विचार करायचा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

आता तुमच्या कॅप्सूलकडे येतो, आणि हे कृपा करून हलक्यात घेऊ नका. चेहरा गरम होणं, डोकं जड होणं आणि ताठरता सुधारणं हे तिन्ही एकत्र आलं, की मला सिल्डेनाफिलचा दाट संशय येतो. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध. वर सांगितलेला स्नायू सैल ठेवणारा संदेश शरीर लगेच पुसून टाकतं, हे औषध ते पुसणं लांबवतं. योग्य माणसाला, योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते चांगलं औषध आहे. पण ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक गोळ्यांत ते चोरून मिसळलेलं असतं, हे औषध नियंत्रकांना वारंवार आढळलंय. किती मिसळलंय ते खाणाऱ्याला कळत नाही. छातीत दुखण्यावरच्या नायट्रेट औषधांबरोबर ते पोटात गेलं, तर रक्तदाब जीवघेणा खाली येतो. तुमचं नुकसान आणखी एका प्रकारे झालंय : कॅप्सूलमुळे जमलं, म्हणजे कॅप्सूलशिवाय जमणार नाही, असं तुमच्या मनाने धरलं आणि परीक्षेच्या दिवशी ते खरं करून दाखवलं. कॅप्सूल आजपासून बंद. तेलही. स्पंज त्या चिवट आवरणाच्या आत आहे, कातडीवर चोळलेलं तेल त्याची वाढ करू शकत नाही, नाजूक त्वचेची आग मात्र करतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण लग्नानंतर विचाराल म्हणून वेळेबद्दल आत्ताच लिहितो. नेदरलँड्सच्या संशोधकांच्या पुढाकाराने पाच देशांतल्या ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन संभोगाची वेळ मोजली गेली, निष्कर्ष २००५ मध्ये आले. मधली वेळ निघाली ५.४ मिनिटं. कुणाची अर्ध्या मिनिटाची, कुणाची चव्वेचाळीस मिनिटांची. अर्धा-अर्धा तास चालायला हवं, हे कुणीतरी रंगवून सांगितलेलं असतं. सुरुवातीच्या दिवसांत लवकर स्खलन होणं अगदी नेहमीचं आहे. पहिल्यापासून जवळजवळ दर वेळी मिनिटाभरातच होत असेल आणि त्याचा त्रास वाटत असेल, तरच त्याला शीघ्रपतन म्हणायचं, आणि त्यावरही चांगले उपचार आहेत.

खरी भीती कशाची बाळगायची, तेही लिहून ठेवा. वृषणात अचानक असह्य कळ आली तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जायचं. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो सहा तासांच्या आत सुटला तर वृषण वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ताठरता चार तासांहून जास्त टिकली, किंवा संभोगात कट्कन आवाज येऊन लिंग सुजून काळंनिळं पडलं, तरीही तसंच धावायचं. हाड नसलं तरी ते चिवट आवरण फाटू शकतं. वृषणाचा कर्करोग तरुण वयातच, साधारण पंधरा ते पस्तीसमध्ये जास्त आढळतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, म्हणून महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर दोन्ही वृषण बोटांत हलके फिरवून बघायचे. न दुखणारी टणक गाठ लागली तर दाखवायची. आणि पुढे कधी, चाळिशी-पन्नाशीत, सकाळची ताठरतासुद्धा हळूहळू नाहीशी झाली, तर आधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासायचं. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चोंदायला लागल्या की बऱ्याचदा तिथे आधी कळतं. तंबाखू-सिगारेट असेल तर ती मात्र आजच सोडा, त्या धमन्यांची सगळ्यात मोठी वैरीण तीच आहे.

होणाऱ्या पत्नीची फसवणूक तुम्ही करत नाही आहात. तुम्हाला लपवण्यासारखा आजारच नाही. पण भीती आहे, आणि ती तिला सांगता आली तर फार बरं. ‘मला जरा धास्ती वाटते, आपण सावकाश जाऊ’ एवढं वाक्य पुरे. बहुधा तीही घाबरलेलीच असेल आणि तिला ते ऐकून हायसं वाटेल. पहिले काही दिवस संभोग करायचाच नाही असं दोघांनी ठरवून टाका, नुसतं जवळ या, बोला, एकमेकांना स्पर्श करा. काही करून दाखवायचं नसतं तेव्हा स्नायू आपोआप सैल पडतात.

स्वतःची परीक्षा पुन्हा घ्यायची नाही. सकाळची मोजदादही ठेवायची नाही.

या आठवड्यात मूत्रविकारतज्ज्ञांकडे, नाहीतर तुमच्या नेहमीच्या एमबीबीएस डॉक्टरांकडे जा. ते हात लावून तपासतील, दोन्ही वृषण बघतील, ताठर असताना कातडी सहज मागे जाते का विचारतील, बहुधा रक्तदाब आणि साखरही बघतील. कातडी जात नसेल तर घरी ओढाताण करू नका, त्यांना सांगा. पाच मिनिटं अवघडल्यासारखं होईल. कॅप्सूलचं पाकीट फेकू नका, सोबत न्या आणि ती घेतल्यावर काय होतं ते जसंच्या तसं सांगा. बोलायला जड गेलं तर तुमचं पत्र आणि माझं हे उत्तर त्यांच्यासमोर ठेवा.